खडबडीत, झिजलेले अक्षर: कुठे वापरावे आणि कसे घडवावे

सोलापुरात ट्रान्सपोर्टच्या गोदामात चादरींचे गठ्ठे रचलेले असतात. त्यांच्या गोणपाटावर पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगाने गावाचे नाव मारलेले असते. ते अक्षर जवळ जाऊन पाहावे. गोणपाटाचा धागा जिथे वर आला आहे तिथे रंग बसलेला दिसतो आणि खळग्यात कापड कोरे राहिलेले दिसते. साचा एका बाजूने किंचित उचलला गेला असेल, तर त्या बाजूची कड फुटून रंग बाहेर पसरलेला असतो. साच्यातील आतला तुकडा गळून पडू नये म्हणून ठेवलेल्या पट्ट्यांमुळे ‘ठ’चा गोल दोन जागी तुटलेला असतो. या अक्षरातील एकही तूट विनाकारण आलेली नाही.

बाजारात मिळणारे खडबडीत, ओरखडलेले, पोपडे उडाल्यासारखे दिसणारे शीर्षक-फॉन्ट नेमका हाच परिणाम तयार स्वरूपात देऊ पाहतात. ते वापरताना बहुतेकांकडून एकच चूक होते: झीज घेतली जाते, पण झिजेचे कारण घेतले जात नाही. नाटकाच्या फलकावर, मसाल्याच्या पाकिटावर आणि व्यायामशाळेच्या फ्लेक्सवर तेच ते फाटलेले अक्षर येते आणि तिन्ही ठिकाणी ते उसने वाटते. मी सोलापुरात अक्षरमांडणीची आणि छपाईची कामे करते. या लेखात मी माझी कामाची पद्धत क्रमाने मांडत आहे, कारण देवनागरीसाठी या विषयावर कामाला येईल असे लिखाण फार कमी सापडते.

पहिली पायरी: हे अक्षर कशाने झिजले, ते ठरवा

फॉन्टची यादी उघडण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे: ‘हे अक्षर अमुक साधनाने, अमुक पृष्ठभागावर उमटले आणि अमुक कारणाने झिजले.’ हे वाक्य पूर्ण करता आले नाही, तर त्या कामाला खडबडीत अक्षराची गरज नाही, असे समजून साधे ठळक अक्षर वापरावे. वाक्य पूर्ण झाले, तर अर्धे काम तिथेच होते, कारण प्रत्येक साधनाची झीज वेगळी दिसते.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत शाई कमी पडली, तर मोठ्या अक्षराच्या पोटात मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके राहतात आणि कडा मात्र बऱ्यापैकी शाबूत असतात. दाब जास्त झाला, तर शाई कडेला ढकलली जाते आणि अक्षराभोवती गडद किनार उमटते. रबरी शिक्क्यात दाब क्वचितच सारखा पडतो, त्यामुळे एक बाजू भरलेली आणि दुसरी पुसट असते. भिंतीवर रंगवलेली जाहिरात उन्हाने विटते आणि पावसाने धुपते. चुन्याचा थर सुटला की तिथे ठिपके पडत नाहीत, तर मोठ्या, वेड्यावाकड्या सीमांचे पोपडे निघतात आणि त्यांचा अक्षराच्या कडेशी काही संबंध नसतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले, की बारीक रेघा तुटतात, जाड रेघा फुगतात आणि कोऱ्या जागेत काळी धूळ येते. अशा रीतीने पांढरे ठिपके खिळ्याचे, पोपडे भिंतीचे आणि काळी धूळ झेरॉक्सची, हे डोळ्यात पक्के बसले की चुकीचा फॉन्ट पाहताक्षणी खटकू लागतो.

यात देवनागरीची एक खास खूण आहे, ती म्हणजे शिरोरेघ. शिशाचे खिळे शेजारी शेजारी जुळवले, की दोन खिळ्यांच्या सांध्यावर शिरोरेघेत केसाएवढी फट राहते. जुन्या लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके भिंगाखाली धरली, तर ती फट अक्षरागणिक दिसते. याउलट भिंत रंगवणारा पेंटर खडूची पूड लावलेला दोरा झटकून रेषा आखतो आणि संपूर्ण शब्दाची शिरोरेघ सलग ओढतो. म्हणून छापखान्याचा आभास हवा असेल तेव्हा शिरोरेघेतील उभी फट खरी वाटते, भिंतीचा आभास हवा असेल तेव्हा तीच फट खोटी ठरते. माझ्या मते, मराठी शीर्षक अस्सल आहे की उसने, हे इतर कशापेक्षाही या एका रेघेवरून लवकर कळते.

दुसरी पायरी: देवनागरी किती झीज सोसते, ते तपासा

रोमन लिपीसाठी बनवलेले ओरखड्यांचे पोत देवनागरीवर जसेच्या तसे टाकले, की अर्थ बदलण्याचा धोका उभा राहतो. आपल्या लिपीत टिंबाला अर्थ आहे. शिरोरेघेवर पडलेला काळा कण अनुस्वार होतो आणि ‘गाळा भाड्याने देणे आहे’ याचे ‘भांड्याने’ होते. उलट पांढऱ्या ओरखड्याने अनुस्वार खाल्ला, तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते. त्यामुळे मी एक कडक नियम पाळते: देवनागरीत शिरोरेघेच्या वरच्या पट्ट्यात काळी धूळ अजिबात टाकायची नाही. झेरॉक्सचा आभास हवाच असेल, तर धूळ ओळींच्या मधल्या आणि बाजूच्या कोऱ्या जागेत ठेवावी आणि तिचा प्रत्येक कण अनुस्वाराच्या टिंबाच्या एक चतुर्थांशाहून लहान असावा.

दुसरा धोका अक्षरांच्या जोड्यांचा आहे. ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक एका तिरप्या रेघेचा आहे, ‘ब’ आणि ‘व’ यांतही तसाच. ती रेघ अक्षरातील सर्वांत बारीक रेघ असते, त्यामुळे पोत टाकताच आधी तीच जाते आणि ‘भाषा’ची ‘भापा’, ‘बार’चा ‘वार’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’ यांत डावीकडे शिरोरेघ मिटलेली आहे की उघडी, एवढाच मुख्य भेद आहे. ‘घ’च्या डोक्यावरचा डावा कोपरा उडाला, की ‘घर’ वाचताना ‘धर’ होते. ‘म’ आणि ‘भ’ यांचीही थोडीफार हीच गत आहे. रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांची वळणे शिरोरेघेच्या वर अरुंद जागेत असतात, म्हणून तीही लवकर खाल्ली जातात.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकले. एका घरगुती उद्योगासाठी मी शेंगा चटणीचे लेबल केले होते. चटणी उखळात कुटलेली असल्याने दगडाचा खरबरीतपणा अक्षरात आणण्याचे कारण योग्यच होते. परंतु ‘शें’वर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. पडद्यावर चारपट मोठे करून पाहताना तो अनुस्वार मला दिसत होता. प्रत्यक्ष लेबल तीन इंची निघाले, तेव्हा ओरखड्यात तो विरून गेला आणि पाचशे लेबलांवर ‘शेगा चटणी’ छापून आले. लेबले माझ्या खर्चाने पुन्हा छापावी लागली. तेव्हापासून पोत चढवून झाल्यावर अनुस्वार, रफार आणि ‘ष’-‘ब’च्या तिरप्या रेघा मी स्वच्छ अक्षरातून उचलून पुन्हा वर बसवते आणि त्यांच्या फक्त कडा किंचित खरबरीत करते. पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही, वाचणाऱ्याचे मात्र अडत नाही.

चाचणीसाठी एक ओळ कायम जवळ ठेवावी. मी ‘सोलापूरच्या घरधन्याने वर्षभर शेंगा, भाषा, बाजार आणि भांडवल सांभाळले’ अशी ओळ वापरते. तिला अर्थ फारसा नाही, पण धोक्याची बहुतेक अक्षरे तिच्यात येतात. खडबडीत फॉन्टमध्ये ही ओळ ज्या लहानात लहान मापात न अडखळता वाचता येते, ते त्या फॉन्टचे किमान माप.

तिसरी पायरी: तयार फॉन्ट घ्यायचा की नाही

रोमन लिपीत झिजलेल्या अक्षरांचे शेकडो फॉन्ट आहेत. देवनागरीत ते मोजके आहेत आणि त्यांतील काही जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. जुन्या पद्धतीचा फॉन्ट ज्या संगणकावर बसवलेला आहे तिथेच नीट दिसतो. तोच मजकूर दुसरीकडे नेला की निरर्थक चिन्हांची रांग होते. आज नवे काम सुरू करताना युनिकोड फॉन्टच घ्यावा.

तयार फॉन्ट तपासताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे जोडाक्षरे: ‘ष्ठ’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘श्र’, ‘ऱ्य’ लिहून पाहावीत. ज्या फॉन्टमध्ये ती पाय मोडून येतात, तो फॉन्ट मराठीसाठी अपुरा आहे. दुसरी म्हणजे पर्यायी अक्षरे. ‘कामगारांचा लढा’ या शीर्षकात काना पाच वेळा येतो. पाचही कान्यांवर त्याच जागी तोच ओरखडा दिसला, की झीज यांत्रिक आहे हे लगेच उघड होते. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच चिन्हाची दोन-तीन रूपे असतात आणि शेजारची अक्षरे पाहून ती आपोआप बदलतात. मात्र ही सोय चालण्यासाठी सॉफ्टवेअरनेही ती मानली पाहिजे. इनडिझाइनमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत परिच्छेदाची मांडणी ‘वर्ल्ड-रेडी’ या पर्यायावर ठेवली नाही, तर आधी वेलांट्याच चुकीच्या जागी पडतात, पर्यायी रूपांची गोष्ट पुढची. तिसरी म्हणजे सांधे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर शिरोरेघेचा आपापला तुकडा घेऊन येते. खडबडीत फॉन्टमध्ये एका तुकड्याची जाडी शेवटाला कमी आणि पुढच्याची सुरुवातीला जास्त असली, तर सांध्यावर पायरी दिसते. चार-पाच शब्द मोठे करून सांधे न चुकता पाहावेत.

परवाना पाहण्याचा कंटाळा करू नये. ‘मोफत’ म्हणून मिळणारे अनेक फॉन्ट केवळ खासगी वापरासाठी मोफत असतात आणि वेष्टनावर किंवा दुकानाच्या पाटीवर ते वापरणे परवान्याबाहेर जाते. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालील फॉन्ट व्यावसायिक कामाला चालतात आणि त्यांच्या आकारात बदल करण्याचीही मुभा असते. त्यामुळेच पुढची पायरी शक्य होते.

चौथी पायरी: स्वतःचे झिजलेले अक्षर घडवा

दोन-तीन शब्दांच्या शीर्षकासाठी तयार खडबडीत फॉन्टपेक्षा साध्या ठळक फॉन्टवर स्वतः पोत चढवणे मला सरस वाटते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे झिजलेले असते, खऱ्या वस्तूवर मात्र ओरखडा एका अक्षरातून निघून तिसऱ्यापर्यंत जातो. हा सलगपणा फॉन्ट देऊ शकत नाही.

पायाभूत फॉन्ट जाड निवडावा. मुक्त परवान्यातील ‘मुक्त’ याच नावाच्या फॉन्टची सर्वांत ठळक जाडी छापील आभासासाठी चांगली आहे. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ गोलसर आहे, खाद्यपदार्थांना शोभतो. यात्रा वन या फॉन्टची देवनागरी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेली आहे, त्यामुळे रंगवलेल्या भिंतीचा किंवा पाटीचा आभास हवा असेल तेव्हा मी प्रथम तो घेते. मोदक अतिशय जाड आहे, परंतु त्याच्या अक्षरांच्या पोटातील कोरी जागा आधीच चिरेएवढी अरुंद असते. तिथे पोत गेला की अक्षर ओळखू येत नाही, म्हणून या कामासाठी तो टाळावा.

आता पोत. इंटरनेटवरून उतरवलेले पोत सगळ्यांकडे असतात. आपल्या गावात यापेक्षा चांगले साहित्य हाताशी आहे. मी एका जुन्या चादरीचा वीतभर तुकडा लाकडी फळीवर ताणून खिळ्यांनी बसवला आहे. काचेवर थोडी काळी शाई घेऊन रूळ फिरवायचा, तो आधी रद्दीच्या कागदावर दोन-तीनदा चालवून जवळजवळ कोरडा करायचा, मग चादरीच्या तुकड्यावरून एकदाच, फार दाब न देता न्यायचा. त्यावर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासले, की चादरीची वीण कागदावर उमटते. वर आलेले धागे काळे आणि मधली जागा कोरी येते, कुठे शाई जास्त बसल्याने डाग, कुठे काहीच नाही. असे वीस-पंचवीस ठसे घेतले, तर त्यांतील चार कामाचे निघतात. याच रीतीने शहाबादी फरशी, जुन्या दाराची फळी, गंजलेला पत्रा यांचेही ठसे घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने पृष्ठभागाचे नाव लिहून ठेवावे.

ठसा ६०० डीपीआयवर स्कॅन करून शुद्ध काळ्या-पांढऱ्यात आणावा. राखाडी छटा ठेवू नयेत, कारण पुढे छपाईत त्या जाळीदार ठिपक्यांत रूपांतरित होतात आणि कडा मळकट दिसते. मग इंकस्केपमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ किंवा कोरलड्रॉमध्ये ‘पॉवरट्रेस’ वापरून त्याच्या बाह्यरेषा कराव्यात. ट्रेस करताना सर्वांत लहान कण वगळण्याची मर्यादा वाढवावी. ती शून्यावर ठेवली, तर हजारो नोड, म्हणजे बाह्यरेषेवरचे बिंदू, तयार होतात, संगणक अडकतो आणि छपाईवाल्याच्या यंत्रावर फाइल उघडता उघडत नाही.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकुराचे प्रूफ दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावे, कारण अक्षरांचे वक्र केल्यावर, म्हणजे मजकुराच्या नुसत्या बाह्यरेषा झाल्यावर, दुरुस्ती म्हणजे नव्याने काम. मग मजकुराची एक प्रत बाजूला ठेवून दुसरीचे वक्र करावेत. त्यानंतर सर्व अक्षरे एकमेकांत मिळवून शब्दाचा एकच आकार करावा. कोरलमध्ये याला ‘वेल्ड’ म्हणतात, इंकस्केपमध्ये ‘युनियन’. हे केल्यावर शिरोरेघ खऱ्या अर्थाने सलग होते. छापखान्याची फट हवी असेल, तर ती या टप्प्यावर हाताने, कमीजास्त रुंदीची पाडावी. मग पोत शब्दावर ठेवून, थोडा तिरपा करून, कोरलमध्ये ‘ट्रिम’ने किंवा इंकस्केपमध्ये ‘डिफरन्स’ने अक्षरातून वजा करावा. शेवटी अनुस्वार, रफार आणि बारीक रेघा परत बसवाव्यात.

किती वजा करावे, याला काटेकोर उत्तर नाही. माझा अंदाज असा की अक्षराच्या काळ्या भागातील दहापैकी एक भाग गेला तर झीज जाणवते, दोन भाग गेले तर ती ठसठशीत होते आणि तीनच्या पुढे वाचन अडखळते. एकच भोक रेघेच्या जाडीच्या निम्म्याहून रुंद नसावे. झीज सर्वत्र सारखी पसरू देऊ नये. शब्दाचा एखादा भाग जवळजवळ शाबूत राहिला, तरच उरलेल्या भागाची झीज नजरेत भरते.

पाचवी पायरी: माप आणि पाहण्याचे अंतर

निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. दहा मीटरवर हे माप सुमारे ३ मिलिमीटर भरते, तीस मीटरवर सुमारे ९ मिलिमीटर. याचा अर्थ असा की पार्क चौकात रस्त्यापलीकडून पाहिल्या जाणाऱ्या फलकावर ३ मिलिमीटरचे ओरखडे टाकले, तर ते कोणालाच दिसणार नाहीत. काळे अक्षर फक्त फिके आणि धुळकट वाटेल. मोठ्या फलकाची सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण संगणकाच्या पडद्यावर संपूर्ण फलक हातभर अंतरावरून पाहिलेला असतो. फलक किती अंतरावरून वाचला जाणार हे आधी जागेवर जाऊन पावलांनी मोजावे, त्यानुसार लहानात लहान ओरखड्याचे माप ठरवावे आणि त्याहून बारीक सगळे काढून टाकावे. पाट्यांच्या धंद्यात अक्षराच्या उंचीसाठी दर दहा फुटांना एक इंच हा ठोकताळा चालतो. झिजलेल्या अक्षरासाठी मी तो दीडपट धरते.

छापील पानावर खडबडीत अक्षर ३६ पॉइंटच्या खाली नेऊ नये. उपशीर्षक, तारीख, वेळ, पत्ता, फोन क्रमांक, किंमत हे सगळे स्वच्छ अक्षरात असावे. आकड्यांच्या बाबतीत तर मुळीच तडजोड करू नये, कारण वरून फुटलेले शून्य घाईत सातासारखे वाचले जाते.

सहावी पायरी: वस्तू कोणती, यावर झीज ठरवा

कागदावरील ऑफसेट छपाईत बारीक तपशील चांगला उतरतो. गडद रंगात कोरे अक्षर सोडले असेल, तर मात्र शाई कडेने आत सरकते आणि बारीक भाग बुजतात, म्हणून अशा वेळी अक्षर थोडे जाड करावे आणि झीज कमी ठेवावी.

टी-शर्ट किंवा कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करायचे असेल, तर जाळीचा हिशेब करावा. कापडासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जाळीत सेंटीमीटरला ४३ धागे असतात, म्हणजे दोन धाग्यांतील अंतर पाव मिलिमीटरच्याही आत. एखादा ठिपका जाळीवर टिकायचा असेल, तर त्याला किमान दोन धाग्यांचा आधार लागतो. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून लहान ठिपके फाइलमध्ये ठेवूच नयेत. ते एका कापडावर येतात, दुसऱ्यावर येत नाहीत आणि शंभर नगांत शंभर तऱ्हा होतात.

गाड्यांवरचे रेडियमचे काम खडबडीत अक्षराला सर्वांत प्रतिकूल आहे. प्लॉटरचे पाते प्रत्येक ओरखड्याच्या कडेने फिरते, नंतर कारागिराला नको असलेला प्रत्येक कण चिमट्याने उचलावा लागतो आणि एवढे करूनही बारीक तुकडे पहिल्या पावसात सुटतात. तिथे झीज हवीच असेल, तर तीन-चार मोठे, मोकळे काप पुरेत.

आता आपल्या गावच्या मालाविषयी. चादर किंवा टॉवेल यांच्या विणीत नाव घालायचे असते तेव्हा झिजलेले अक्षर कदापि देऊ नये. जेकार्ड मागावर अक्षर धाग्याधाग्याने पायऱ्यापायऱ्यांत उमटते, त्यात ओरखड्याचा आकार राहत नाही, फक्त मध्येच रंग तुटलेला दिसतो. विणकर घरातली व्यक्ती अशा तुटीकडे पाहील तेव्हा तिला ती सजावट वाटणार नाही. धागा तुटला, माल सेकंडचा आहे, असेच तिचे पहिले मत होईल. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाल्यापासून ज्या गावाची नजर कापडातील खोड हेरण्यात तयार झाली, त्या गावात कापडावरील तुटके अक्षर मालाची किंमत उतरवते. त्याच चादरीच्या बाहेरच्या पिशवीवर किंवा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गोणपाटाच्या ठशाचे अक्षर छापले, तर ते उत्तम दिसते, कारण गठ्ठ्यावरचा साचा हे त्याचे खरे कारण तिथे हजर असते.

सातवी पायरी: विषयाचा मान

हौशी नाट्यस्पर्धेचा फलक, गिरणी कामगारांच्या आठवणींचे प्रदर्शन, किल्ले चढणाऱ्या मंडळाचा टी-शर्ट, चुलीवरच्या मटणाचे हॉटेल, कडक भाकरीचे पाकीट या ठिकाणी झिजलेले शीर्षक शोभते, कारण विषयातच काळ, घाम, दगड किंवा जाळ आहे. दवाखाना, औषध, शाळेची सूचना, बँक आणि लग्नपत्रिका यांत ते वापरू नये. तिथे लोकांना विश्वास किंवा मांगल्य हवे असते.

दोन प्रसंग अधिक विचाराचे आहेत. मे १९३० मधील सोलापूरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे, या विषयावर शाळा-महाविद्यालयांत प्रदर्शने होतात. तिथे ‘मार्शल लॉ’ हे शीर्षक त्या काळच्या हस्तपत्रकासारखे, खिळ्यांच्या छपाईच्या झिजेने करावे. हुतात्म्यांची नावे मात्र पूर्ण, भरीव, एकही ओरखडा नसलेली असावीत. नाव खंडित करणे हा त्यांचा अनादर आहे, असे मी मानते आणि पाहणाऱ्यांतील वडीलधाऱ्यांनाही तसेच वाटते, हे मी ऐकले आहे. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या फलकांबाबतही हेच. खेळ-पाळण्यांच्या किंवा खाऊगल्लीच्या जाहिरातीत खडबडीत अक्षर खुशाल वापरावे, देवाचे नाव अखंड ठेवावे.

सोलापुरात एकाच फलकावर मराठीसोबत कन्नड, तेलुगू किंवा उर्दू येते, हेही लक्षात घ्यावे. कन्नड-तेलुगूची वळणे गोल असून त्यांना शिरोरेघ नाही, त्यामुळे तोच पोत त्यांच्यावर अधिक जड दिसतो. तिथे झीज निम्मी करावी. उर्दूत नुक्त्यांवर अक्षराची ओळख अवलंबून असते, म्हणून उर्दू ओळीवर पोत न टाकता ती त्याच रंगात स्वच्छ ठेवावी आणि कामाला बसण्यापूर्वी त्या त्या भाषेच्या वाचकाला दाखवावी.

आठवी पायरी: छापण्यापूर्वीची तपासणी

प्रत्यक्ष मापाचा छापील नमुना काढल्याशिवाय काम पुढे देऊ नये. तो भिंतीवर लावून ठरलेल्या अंतरावर उभे राहावे, डोळे किलकिले करावेत आणि शब्दाचा एकूण आकार टिकतो का ते पाहावे. मग त्याचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवावा, कारण आजकाल बहुतेक फलक लोक प्रथम तिथेच पाहतात आणि तिथे फोटो दाबून लहान होतो. त्यानंतर ज्या व्यक्तीला मजकूर माहीत नाही, अशा एखाद्या ज्येष्ठ वाचकाला तो मोठ्याने वाचायला सांगावा. ते जिथे क्षणभर थांबतील, तिथले अक्षर परत स्वच्छ करावे. आपल्याला मजकूर पाठ असतो, त्यामुळे आपली नजर हरवलेला अनुस्वारही वाचून जाते.

वेबसाइटसाठी देताना हजारो नोडची बाह्यरेषा न देता योग्य मापाचे चित्र द्यावे आणि चित्रासोबत शीर्षकाचा युनिकोड मजकूर पर्यायी मजकूर म्हणून भरावा, म्हणजे दृष्टिहीन वाचकांच्या उपकरणाला तो वाचता येतो. छापखान्याला वक्र केलेली पीडीएफ द्यावी आणि सोबत स्वच्छ अक्षरातील मजकुराची एक प्रत, ‘हे वाचून जुळवावे’ असे लिहून द्यावी. एका कामात छापखान्यातील ऑपरेटरने शिरोरेघेतील मुद्दाम ठेवलेल्या फटी फाइलमधील दोष समजून चांगल्या हेतूने भरून टाकल्या होत्या. तेव्हापासून मी पीडीएफच्या समासात, छापील क्षेत्राबाहेर, ‘अक्षरातील तुटी हेतुपुरस्सर आहेत, दुरुस्त करू नयेत’ अशी ओळ घालते.

मूळ ठशांचे कागद फेकू नयेत. शाई पूर्ण वाळल्यावर ते मधे कोरा कागद घालून फाइलीत ठेवावेत. चादरीच्या त्या वीतभर तुकड्यावर शाईचे थर चढत जातात, त्यामुळे दोन वर्षांनी घेतलेला ठसा पहिल्यासारखा येत नाही आणि जुन्या लेबलाची पुढची छपाई करताना पहिलाच ठसा लागतो.